वाढत्या अंगाचं

४ फेब्रुवारी

सूनबाई,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात मापून द्यायला नकोत. फोन करा म्हणतेस, पण फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं मी मनाचं घालतो. त्यापेक्षा कागद बरा.

बातमी चांगली नाही. गेल्या महिन्यात नळाची जुनी लाइन बदलायला माणसं आली होती. मी आत एका गिऱ्हाइकाच्या कोटाची काजं करत बसलो होतो. बाहेर आलो तर मागच्या भिंतीच्या कडेने हा एवढा चर, आणि चराच्या दोन्ही तोंडांना आपल्या अस्तरीची मुळं लोंबत होती. मुकादम म्हणाला, आजोबा, झुडूपच आहे हो, कोणी लावलेलं थोडंच असतं. त्याला काय सांगू? पोरगा सातवीत असताना टेकडीवरून पाठीला बांधून आणलं होतं त्याने ते. गुडघ्याएवढं होतं. मी रागावलो, सदऱ्याची पाठ मातीने भरली म्हणून. तर ह्याने एक पान माझ्या हातावर उलटं ठेवलं आणि म्हणाला, "बाबा, याला अस्तर आहे."

होतंच. वरून काळपट हिरवं, इस्त्री फिरवल्यासारखं चकचकीत. खालून रुपेरी, लोकरीसारखं मऊ. दोन्ही कडा खाली दुमडलेल्या, टाका कुठे दिसत नाही. मी उभ्या जन्मात इतकी सफाईदार दुमड घातलेली नाही. तेव्हापासून तिचं नाव अस्तरी. इथे दुसरं नाव कोणाला ठाऊक नाही.

आता शेंड्याकडची पानं मान टाकायला लागली आहेत. चर बुजवला, पाणी घालतोय. आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं, उकरलेल्या मातीत कसलं तरी गवत भसाभसा उगवलंय. काय करू ते तुमच्या मोठ्या बाईंना विचारून कळव.

तुझे बाबा


१५ फेब्रुवारी

बाबा,

पत्र वाचून दिवसभर हात चालेना. वाळलेल्या पानाचा देठ कागदावर शिवताना दोनदा सुई बोटात गेली. तुम्ही पाहिलं असतंत तर म्हणाला असतात, हीच का माझी शिष्या.

मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. त्या या संग्रहाच्या प्रमुख, पण माझ्या टेबलाशी येऊन उभ्याच राहिल्या. मग आम्ही दोघींनी कपाट उघडलं. वाळवलेल्या वनस्पतींचे इतके कागद इथे, की एकेका झाडाचे शंभर-शंभर आहेत. अस्तरीचे पाचच. त्यातल्या तीन कागदांवर यांचं, तुमच्या लेकाचं, अक्षर. "फांद्या वाकड्यातिकड्या, एकमेकींत गुंतलेल्या. साल कागदासारखी सुटते, आतून तांबूस. फुलं हिरवट, बारीक, पानाखाली लपलेली. वास तिन्हीसांजेला." असं यांनी लिहून ठेवलंय. मला तोंडपाठ आहे ते.

बाबा, लपवून उपयोग नाही म्हणून लिहिते. त्या टेकडीची आता खडी झाली आहे. शेवटच्या फेरीत हे खास तिच्यासाठी गेले होते, तर एकही सापडली नव्हती. रिकाम्या हाताने आले आणि येताना तो ताप घेऊन आले. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. बाई म्हणतात, तुमच्या मागच्या भिंतीशी आहे ती कदाचित शेवटची. फांदी खोचून ती लागत नाही, इथे करून पाहिलं होतं. बी रुजलं तरच. फळं धरली तर एकही पाखराला देऊ नका.

तोवर शेंडे थोडे छाटा, वर एखादी चादर बांधून सावली करा. आणि ते गवत कसलं ते पाहायला हवं. अस्तरीचीच रोपं असली तर देव पावला. एक मुळासकट ओल्या फडक्यात गुंडाळून पाठवा.

तुमची नात ठमी पहिल्या बाकावर बसायला लागली. तिच्याएवढं तिथे कोणीच बुटकं नाही.

तुमची सून


२४ फेब्रुवारी

सूनबाई,

पत्र्याच्या डबीत रोप पाठवलंय. डबी बटणांची आहे, परत दे.

मी आपलं चाळीस वर्षांच्या सवयीने आधी मापं घेतली. तुझ्या बाईंना सांग. पान गोल, अंगठ्याच्या नखाएवढं. कडेला दातेरी कात्री फिरवल्यासारखे दाते. दुमड नाही. पातळ, साधं, पोपटी. उलटून पाहिलं, अस्तर नाही, हिरव्यावर हिरवंच. देठाला बारीक लव. खोड सरळसोट. थोरलीसारखं यात काही म्हणजे काही नाही. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, हे आपल्या कुळातलं वाटत नाही. पण मी पडलो शिंपी, तुम्ही शिकलेली माणसं, तुम्ही सांगाल ते खरं.

ठमीचा फोटो मिळाला. भिंग लावून पाहिला. नाक तुझं, कपाळ तुझ्या आईचं. डोळे कोणाचे देव जाणे. आमच्या घरातलं काहीच उतरलं नाही पोरीत. राग मानू नकोस, म्हातारा माणूस शोधणारच. पोरगा गेल्यावर मला शोधायला दुसरं राहिलंय काय?

चादर बांधली. बायकांचं पातळ आडोशाला बांधल्यासारखे शेजारचे बघतात आणि विचारतात, आजोबा, आत कोणाला ठेवलंय?

तुझे बाबा


८ मार्च

बाबा,

डबी पोचली. रोप ताजं होतं.

मी ते पाचही कागदांशेजारी ठेवून पाहिलं. मग बाईंनी भिंगाखाली पाहिलं. अस्तरीचं पान लांबट, कड दुमडलेली, खाली लव. पाचही कागदांवर तेच, एकही अपवाद नाही. तुमच्या रोपात यातलं काही नाही. बाईंनी तर हसून म्हटलं, तुझ्या सासऱ्यांनी इतकं नेमकं वर्णन केलंय की मला बघायचीही गरज नव्हती.

तेव्हा हे तण आहे. ते अस्तरीच्या तोंडचं पाणी पितंय. जरा वाईट वाटलं मला, मनातून आशा केली होती. पण आता वेळ घालवू नका. एकही ठेवू नका, मुळासकट उपटून टाका. गुडघे दुखत असतील तर कोणाला तरी बोलवा.

मी ते रोप कचऱ्यात टाकत होते तर ठमीने भोकाड पसरलं. आजोबांनी एवढ्या लांबून पाठवलं आणि तू फेकतेस? दुधाच्या पावडरीच्या डब्यात माती भरून खिडकीत लावलंय. रोज त्याला "ऊठ आळशा" म्हणते. मी म्हटलं, वाळलं की आपोआप सुटेन.

तुमची सून


१९ मार्च

सूनबाई,

काम फत्ते. कोणाला बोलवायचं कशाला, पोराच्या झाडाचं काम मी दुसऱ्याच्या हाती देत नाही. गोणपाट अंथरून बसलो आणि एकेक उपटलं. चिवट होतं बेटं, मुळं खोल. पण मी उसवण काढणारा माणूस, एक धागा मागे ठेवला नाही. भिंतीशी ढीग रचलाय. आता जमीन कशी धुतल्यासारखी दिसते. काल शेंड्याला एक कोंब हलतोय असं वाटलं. आज दिसला नाही, पण चष्मा माझा जुना आहे.

बरं वाटतंय. कितीतरी दिवसांनी रात्री झोप लागली.

तुझे बाबा


११ एप्रिल

सूनबाई,

तुझं पत्र आलं, उत्तराला उशीर झाला. गुडघे धरले आहेत. मातीत बसणं जरा जास्तच झालं.

झाडाचं काय लिहू, आहे तसं आहे.

एक विचारायचं होतं. ठमीच्या डब्यातलं ते गवत टाकून तर नाही ना दिलंस? दिलं असशील तर राहू दे, नसलं तर टाकू नकोस. पोरीचं मन मोडू नये. ऊन लागतं ना खिडकीत? दुपारचं कडक नको. डब्याला खाली भोक पाडलंय का, नाहीतर मुळं कुजतात. लहान वयात एखादी गोष्ट वाढवली की माणसाला धीर येतो, एवढंच माझं म्हणणं.

इतर सर्व ठीक.

तुझे बाबा


३० एप्रिल

बाबा,

तुम्हाला गवताचा एवढा पुळका कधीपासून? हसू आलं मला. पण तुमचं पत्र ठमीला वाचून दाखवलं तर तिची मान अशी ताठ झाली, आता मला डब्याला हातही लावू देत नाही. खिळ्याने भोक पाडून दिलं. खरं सांगू, मागच्या आठवड्यात पडदे धुवायला काढले तेव्हा मी तो डबा जिन्यात नेऊन ठेवला होता, कोणी उचलला तर बरंच म्हणून. आजोबांचं पत्र आलं आणि डबा सन्मानाने परत आला. वीतभर झालंय. पानं तीच, गोल, दातेरी. चुकार पोरासारखं वाढतंय नुसतं.

नातीशी तुमची गट्टी जमतेय याचं मला फार बरं वाटलं. फोटोवरून तुम्ही जे लिहिलं होतं ते लागलं होतं मला, आता नाही.

पण अस्तरीचं तुम्ही काहीच लिहिलं नाही. तुम्ही असं गप्प झालात की मला धास्ती वाटते. खरं काय ते कळवा.

तुमची सून


१९ जून

सूनबाई,

गेली.

मागच्याच आठवड्यात गेली असणार, पण मी पाणी घालत राहिलो. पानं आधी कडेने आणखी दुमडत गेली, मग पार गुंडाळली. हिरवं सगळं आत गेलं आणि अस्तर तेवढं बाहेर राहिलं. सकाळी खिडकीतून पाहिलं तर झुडूप पांढरं झालेलं. क्षणभर वाटलं, फुलली की काय. जवळ जाऊन हात लावला तर हातात चुरा आला.

कळ्या आल्या होत्या गं. मरताना सगळं बळ लावून फुलोरा धरला होता तिने. एकही कळी उमलली नाही.

पोरगा गेला तेव्हा तू होतीस, माणसं होती, रडायला सवड होती. आता इथे मी आणि मशीन. मेलेल्या झुडुपासाठी म्हातारा रडतो म्हणून कोणाला सांगायचं? तुला सांगतो. खूप रडलो.

तोडलेली नाही. असू दे उभी.

तुझे बाबा


२८ जून

बाबा,

मी काय लिहू? ऑफिसात पत्र उघडलं आणि कपाटांच्या मागे जाऊन बसले. बाई आल्या, पाण्याचा पेला ठेवून गेल्या.

तुम्ही जीव ओतलात. चादर बांधलीत, त्या वयात गुडघ्यांवर बसून तण काढलंत. यात तुमचं काहीही चुकलं नाही, हे मी शंभरदा लिहीन. काही झाडं नाही वाचत. माणसं नाही वाचली, तर झाडं.

एक वाळकी फांदी पाठवता का? मी स्वतः कागदावर शिवीन, तुमच्या टाक्याने. सहावा कागद. यांच्या त्या तिन्ही कागदांशेजारी ठेवीन.

काही दिवस इकडे या ना.

तुमची सून


१० सप्टेंबर

सूनबाई,

फांदी पोचली असेल. यायचं म्हणतेस, पण प्रवास झेपणार नाही. आता कोटबिट बंद केलेत, बटणं लावायची कामं तेवढी घेतो.

ठमीचा फ्रॉक शिवायचा विचार आहे. माप पाठव. छाती, कंबर, उंची, आणि ती किती भराभर वाढतेय तेही लिही.

डब्यातल्या मंडळींचं कसं आहे? डबा लहान पडला असेल तर मोठ्यात घालावं, पण माती हलवू नये, आहे त्या गड्ड्यासकट उचलावं. ठमीला म्हणावं आजोबांनी विचारलंय.

तुझे बाबा


२ नोव्हेंबर

बाबा,

माप सोबत आहे. सहा महिन्यांत इतकी उंच झाली की पहिल्या बाकावरून तिला मागे पाठवलं.

इथे सगळं ठीक. काम खूप. थंडी पडू लागली. तुम्ही गुडघ्यांना शेक घेताय ना? डबा मोठा केला.

आणखी लिहायचं होतं, पण आज राहू दे.

तुमची सून


१४ डिसेंबर

बाबा,

मागचं पत्र मी चार वेळा लिहून फाडलं होतं. जे पाठवलं ते पाचवं. आजचं मात्र फाडणार नाही. ते बसून वाचा, आणि आधी पाणी प्या.

ऑक्टोबरात ठमी मला ओढत खिडकीशी घेऊन गेली. आई, याला दुसरंच पान आलंय. खाली सगळी तीच गोल, दातेरी पानं, आणि वर टोकाला एक लांबट, कडा खाली वळलेलं. मी ते उलटं केलं. बाबा, त्याला अस्तर होतं.

दुसऱ्या दिवशी डबा मांडीवर घेऊन ऑफिसात गेले. बाईंनी पाहिलं आणि किती तरी वेळ भिंग खाली ठेवलंच नाही. आता तशी कितीतरी पानं आलीत, खोड वाकडं व्हायला लागलंय, साल सुटतेय. शंका नाही. अस्तरी लहानपणी अशी असते. वेगळ्या झाडाची वाटावी अशी. आणि हे कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण आमच्याकडे नियमच आहे, फूल किंवा फळ असल्याशिवाय नमुना घ्यायचा नाही. शंभर वर्षं सगळ्यांनी टेकडीवर जाऊन मोठी झाडं तेवढी उचलली. पोरांकडे कोणी पाहिलंच नाही. पाचही कागद थोरल्यांचे, आणि मी त्यांच्याशी ताडून पाहिलं.

मीच तुम्हाला लिहिलं, एकही ठेवू नका. तिची सगळी पोरं मी तुमच्या हातून उपटवली. तुम्ही त्या दिवशी किती आनंदाने लिहिलं होतंत, एक धागा मागे ठेवला नाही म्हणून. ते पत्र आता मला वाचवत नाही.

सांगू नये असंच वाटत होतं. तुम्हाला नव्याने कशाला जाळायचं? पण एक जिवंत आहे ही बातमी द्यायची तर बाकीच्यांची द्यावीच लागते, आणि यांचं झाड जगात आहे हे तुमच्यापासून लपवणारी मी कोण? मला ओरडा, काहीही म्हणा. फक्त गप्प बसू नका.

तुमची सून


२ जानेवारी

पोरी,

पाणी प्यायलो, बसून वाचलं. आता तू बस.

मला ठाऊक होतं.

मार्चातच कळलं. उपटून झाल्यावर आठवडाभराने तो ढीग पेटवायला गेलो. त्यात एक सगळ्यांत उंच होतं, भिंतीच्या फटीत वाढलेलं, बाकीच्यांच्या आधी उगवलेलं असणार. त्याच्या टोकाशी दोन वाळकी पानं होती, लांबट. मी बोटाने उलटली. उजेडात नेली. चाळीस वर्षं कापडाची उलट-सुलट बघत आलो, मला अस्तर कळत नाही होय?

मग जेवढी हाताला ओली लागली तेवढी परत लावली. गुडघे त्यात गेले. चादर तिच्यावरची काढून त्यांच्यावर बांधली, पुन्हा तिच्यावर, पुन्हा त्यांच्यावर. एकही धरलं नाही. काडी पेटवली नाही मी, पण झालं तेच.

तुला का नाही लिहिलं? तू तिथे त्याचं अक्षर पाठ करत बसलेली. तुला कळलं असतं तर जन्मभर स्वतःला खात बसली असतीस, आणि तुला सांभाळायला तिथे कोणी नाही. मी म्हातारा, मी किती दिवस खाणार स्वतःला? म्हणून म्हटलं, हे आपल्याकडेच ठेवू. आणि एक तुमच्या खिडकीत आहे हे मला माहीत होतं. म्हणून पुन्हा पुन्हा विचारत होतो. तू जिन्यात ठेवल्याचं लिहिलंस तेव्हा डबा परत आल्याची ओळ मी तीनदा वाचली. तरी सांगितलं नाही. ठमीवर भरवसा ठेवला.

तू सांगितलंस ते चांगलं केलंस. एकट्याने फार जड झालं होतं.

चूक तुझी नाही, तुझ्या बाईंचीही नाही. असलीच तर माझी. जन्मभर शाळेचे गणवेश शिवले. दर जूनमध्ये आया येऊन सांगायच्या, वाढत्या अंगाचं बेता हो. लहान पोराच्या कपड्याला कोणी अस्तर लावत नाही, हे मला नाही तर कोणाला कळायला हवं होतं? पण मी थोरलीचं माप घेऊन धाकट्यांना लावत बसलो. पाळण्यात काही दिसत नाही गं. आपण उगाच म्हणतो.

आणि ठमीच्या बाबतीतही मी तेच केलं. भिंग घेऊन पोराचं नाक शोधत बसलो. आता तो फोटो मशीनसमोर लावलाय, भिंग ठेवून दिलंय. तिला म्हणावं, तुझ्या सावकाशीने हो काय व्हायचं ते.

झाड इथे आणू नकोस. ज्यांनी वाढवलं त्यांच्याकडे राहू दे. फळं धरतील तेव्हा मी असेन असं नाही, पण रोपं उगवली की कोणी उपटणार नाही, एवढं झालं आपल्या हातून.

फ्रॉक पाठवतोय. खाली चार बोटं दुमड ठेवली आहे, बगलेतही सोडलंय. दर वर्षी थोडी उसवून सोडत जा. टाका मुद्दाम सैल घातलाय, तुला त्रास होणार नाही.

तुझे बाबा

ता. क. खालची गोल पानं आता गळायला लागली असतील. सगळी जायच्या आत त्यातलं एक पाठव. उपटताना मी ती नीट पाहिली नव्हती.